वेरूळकडचं रिसॉर्ट की हुरड्याचं शेत? मुक्काम ठरवण्याआधी

छत्रपती संभाजीनगरहून दोन दिवस निवांत कुठेतरी जाऊ म्हटलं की दोन पर्याय पुढे येतात. खुलताबाद, म्हैसमाळ, वेरूळच्या डोंगराकडेची मोजक्या खोल्यांची रिसॉर्टं, नाहीतर कृषी पर्यटनवाल्यांचा शेतातला मुक्काम. ‘निसर्गाच्या कुशीत’ दोघांच्याही जाहिरातीत असतंच. पण आपल्याकडचा निसर्ग ऑगस्टमध्ये एक आणि एप्रिलमध्ये दुसराच असतो. म्हणून आधी महिना बघा, मग जागा.

जुलै ते सप्टेंबर असेल तर डोंगरच. म्हैसमाळ हजारेक मीटर उंचीवर आहे. पावसात ढग रस्त्यावर उतरतात आणि चहाचा कप हातात घेऊन गॅलरीत बसलं तर समोरचं झाडही मधूनच दिसेनासं होतं. वेरूळला २९ क्रमांकाच्या लेण्याशेजारचा धबधबा याच दिवसांत जोरात असतो. जवळ राहण्याचा खरा फायदा सकाळी कळतो. शहरातल्या गाड्या दौलताबादच्या दरवाजापाशी अडकलेल्या असतात, तोवर तुमचं कैलास लेणं शांतपणे बघून झालेलं असतं. फक्त मंगळवार टाळा, लेणी बंद असतात. शनिवारी खुलताबादच्या भद्रा मारुतीला आणि श्रावणी सोमवारी घृष्णेश्वराला रीघ लागते, तेव्हा बुधवार-गुरुवार उत्तम.

खोड्याही आहेत. पावसाळ्यात ओला टॉवेल दुसऱ्या दिवशीही ओलाच, अंथरुणाला दमट वास, संध्याकाळी दिव्याभोवती किड्यांचा थवा. आणि जेवणात बहुतेक ठिकाणी तेच पनीर बटर मसाला. भाकरी-पिठलं हवं असेल तर आदल्या रात्रीच सांगून ठेवावं लागतं.

डिसेंबर-जानेवारीत मात्र मी डोळे झाकून शेताकडे बोट दाखवीन. ज्वारी हुरड्यात आलेली असते. आगटीत गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर कणसं भाजतात, भाजणारा ती तळहातांवर चोळतो, फुंकर मारून फोलपटं उडवतो आणि हिरवे, गरम दाणे थेट ताटात पडतात. सोबत शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ, बोरं. ज्वारी गुळभेंडी जातीची असेल तर विचारूच नका. हुरडा गरमच खायचा असतो, म्हणून फोटो नंतर काढा. दुपारी बाजरीची भाकरी, भरीत, ठेचा. बहुतेक मंडळी ऊन उतरताच परततात. मुक्कामाला राहिलेल्यांना खरी थंडी आणि चांदण्यांनी भरलेलं आभाळ मिळतं. खोल्या साध्या असतात. काही ठिकाणी संडास-बाथरूम अंगणापलीकडे असतं, हे आजी-आजोबा सोबत असतील तर आधीच विचारा. रविवारी ऑफिसचे ग्रुप स्पीकर घेऊन येतात, तो दिवस सोडलेला बरा.

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार असतो. तेव्हा जायचंच असेल तर एसी आणि पोहण्याच्या तलाववालं रिसॉर्ट. दुपारभर शेतात बसवणार नाही.

बुकिंगआधी पाहुण्यांचे अभिप्राय वाचताना तारीख बघा. ‘व्ह्यू अप्रतिम’ हे ऑगस्टमध्ये लिहिलेलं असतं आणि तुम्ही मार्चमध्ये तिथे वाळकं गवत बघत बसता. ‘जेवण उशिरा आलं’ ही तक्रार मी फारशी मनावर घेत नाही. लहान जागी सांगितल्यावरच चूल पेटते. पण ‘नळाला पाणी नव्हतं’ किंवा ‘रात्रभर डीजे’ असं तिघा-चौघांनी लिहिलं असेल तर सरळ पुढची जागा शोधा.

पैशांचं गणितही वेगळं. रिसॉर्टचा दर साधारणपणे खोलीमागे, शेताचा माणशी, त्यातच चहा-नाश्ता-जेवण धरलेलं. दोघंच असाल आणि एकांत हवा असेल तर रिसॉर्ट परवडतं. पोराबाळांसह मोठं कुटुंब असेल तर शेत. मुलांचा दर वेगळा असतो का, तेवढं विचारा. रिसॉर्टच्या बिलात जेवण आणि कर नंतर चढतात, म्हणून तुलना एकूण आकड्यांची करा.

आगाऊ रक्कम पाठवण्याआधी मालकाला फोन करून दोन गोष्टी विचारा: पाणी बोअरचं की टँकरचं, आणि त्या तारखेला लॉन लग्नाला दिलंय का. दुसऱ्या प्रश्नावर ‘छोटासाच कार्यक्रम आहे’ असं उत्तर आलं तर तारीख बदला.