चार वायरींचा थर्मामीटर: ५ पैकी ३ स्टार, तरी घ्याच

ठाण्यात घोडबंदर रोडला आमच्या साइटवर बेसमेंटचं काम चालू आहे. हा चार चॅनलचा डिजिटल थर्मामीटर मी स्वतःच्या पैशाने मागवला, कारण क्युरिंगवाल्या (काँक्रीटवर पाणी मारणाऱ्या) मामांना फुकटची बोलणी बसत होती.

पहिली रिटेनिंग वॉल, म्हणजे माती अडवणारी भिंत, १८ मीटर लांब, ४०० मिमी जाड. शटर (ओतकामाचा साचा) उघडल्यावर आठवड्यात पाच उभ्या भेगा. सगळ्या स्टार्टरच्या (भिंतीच्या पायथ्याला आधी ओतलेल्या बुटक्या पट्टीच्या) जरा वरून निघालेल्या आणि माथ्याला पोचायच्या आत विरलेल्या. भेगेची रुंदी मोजायचं क्रॅक कार्ड लावलं, ०.२५ मिमी. काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे, आयएस ४५६, माती-पाण्याला टेकलेल्या काँक्रीटला ०.२ च्या वर चालत नाही. साहेब लगेच मामांवर घसरले, ‘पाणी मारलं नाहीस!’

दुसऱ्या भिंतीत तीन वायरी सोडल्या. टोक सळीला टेकू द्यायचं नाही, टेप गुंडाळायची. चौथी बाहेर हवेत. काँक्रीट ओतताना ३३ अंश होतं. २२ तासांनी भिंतीच्या पोटात ६४! मी दोनदा बॅटरी काढून घातली, आकडा तोच. पाचव्या दिवशी ३१.

आता हिशोब करा. अंशामागे मीटरला साधारण १० मायक्रॉन, म्हणजे ३३ अंश उतरताना १८ मीटरची भिंत जवळपास ६ मिमी आखडू बघते. खाली महिन्याभरापूर्वीचा थंड राफ्ट (पायाचा जाड स्लॅब), तो कशाला सोडतोय! तापून फुगताना काँक्रीट कोवळं असतं, दाब फारसा साठत नाही. निवताना ते कडक झालेलं असतं, आणि ताण सोसायची ताकद अजून आलेली नसते. त्यात तिसऱ्या दिवशी शटर उघडून गरम भिंतीवर बोअरचं गार पाणी मारायला मामांना आम्हीच पिटाळलं होतं.

आकड्यांचा कागद बघून कन्सल्टंटने तिसऱ्या भिंतीला निम्म्या सिमेंटच्या जागी स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतल्या मळीची भुकटी, सिमेंटपेक्षा कमी तापते) दिला, ९-९ मीटरचे तुकडे पाडले. ओतायची वेळ रात्रीची. मिक्सरही वेळेत आले, घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये हे सांगण्यासारखं आहे. शटर आठवडाभर ठेवलं, मग ओलं गोणपाट. पोटातलं तापमान ५२ च्या वर गेलं नाही. एकच भेग, केसाएवढी.

आता वस्तूबद्दल. वाचन पटकन येतं, चारही चॅनल एका डिग्रीत जुळतात. पण उन्हात स्क्रीन दिसत नाही, छत्री धरावी लागते. मेमरी नाही, दर दोन तासांनी वहीत लिहायचं, रात्रीसुद्धा. वायरीचं कव्हर फारच पातळ. काँक्रीट दाबून बसवणाऱ्या व्हायब्रेटरची नीडल लागली आणि एक वायर पहिल्याच तासात मेली. काँक्रीटमधली वायर परत मिळत नाहीच, कापून टाकायची, तेव्हा मोजून मागवू नका, दुप्पट मागवा. बॅटरीचं झाकण दुसऱ्या आठवड्यात तुटलं. सध्या शटरिंगच्या टेपने चिकटवलंय.