रिव्हर्स ट्राइकच्या नादात माझी पल्सर गेली

लिहू की नको असं दोन महिने चाललं होतं, कारण यात माझा मूर्खपणा भरपूर आहे आणि खरं सांगायचं तर थोडी लबाडीपण. पण मागच्या रविवारी जुन्या बाजारात एक मुलगा भेटला, बोलता बोलता कळलं की ज्याने मला फसवलं त्याच माणसाला तोही पंचवीस हजार टोकन देऊन आलाय, म्हणून बसलो लिहायला.

मी भोसरीत व्हीएमसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर, प्रोग्रामिंग करतो, राहायला धायरीला. तीनचाकीचं खूळ डोक्यात जुनंच. रिक्षासारखी नाही, उलटी, रिव्हर्स ट्राइक, म्हणजे पुढे दोन चाकं मागे एक, आणि मागच्या चाकाला बाईकचं इंजिन चेनने जोडलेलं. इंग्लंडात मॉर्गनवाले हे शंभर वर्षांपूर्वीपासून करत होते, पुढे व्ही-ट्विन, म्हणजे दोन सिलिंडरचं, इंजिन उघडं दिसतंय आणि मागे एकच चाक, आणि तिकडे लोक बाईकचे पार्ट जमवून घरच्या गॅरेजमध्येही असल्या गाड्या बांधतात. माझ्याकडे २०१० ची पल्सर २२० पार्किंगमध्ये पडून होती, महिन्यातून दोनदा किक... म्हणजे बटण मारायचो, तेवढंच. म्हटलं इंजिन आहे, मापाचा व्हर्नियर रोज हातात असतो, वेल्डिंगवाले ओळखीचे आहेत, एक फ्रेम काय अवघड आहे.

अवघड फ्रेम नसते, अवघड पुढची दोन चाकं असतात. नकल (ज्यावर चाक बसतं आणि वळतं तो भाग), विशबोन (त्याला फ्रेमशी जोडणारे हात), स्टिअरिंग रॅक (हँडल फिरवलं की डावी-उजवीकडे सरकणारा दांडा), कॅम्बर, कॅस्टर (चाकांचे कोन). तिथेच मी अडकलो आणि तिथेच हा माणूस इन्स्टावर सापडला. नऱ्ह्यात वर्कशॉप, नाव लिहीत नाही कारण पोलिसांत अर्ज दिलाय. रीलमध्ये लाल रंगाची ट्राइक गोल गोल फिरतीये, खाली लिहिलेलं 'रेडी किट, तुमच्या बाईकचं इंजिन बसवून मिळेल'.

गेलो बघायला. चहा मागवला, लाल फ्रेम दाखवली, "सर ही एका डॉक्टरांची आहे, नंबर पण आलाय." मी विचारलं नंबर कसा आला, तर म्हणे एआरएआय पास आहे, म्हणजे गाड्या तपासणाऱ्या संस्थेकडून पास. आता आपण पुणेकर, एआरएआयच्या टेकडीवर फिरायला जातो, नाव ऐकलं की विश्वासच बसतो. सर्टिफिकेटचा फोटो मागितला तर "फाईल एजंटकडे आहे सर."

इथे माझी चूक नीट सांगतो. इंग्लंडमध्ये घरी बांधलेली एकच गाडी असली तरी ती सरकारी सेंटरला नेऊन तपासून घेता येते, तीनचाकीला एमएसव्हीए नावाची टेस्ट असते, पास झाली की पुढे रजिस्ट्रेशन. आपल्याकडे गाडीच्या मॉडेलचं प्रोटोटाइप एआरएआयसारख्या संस्थेकडून पास करून घ्यावं लागतं, मोटार वाहन नियमांतला १२६ नंबरचा नियम, आणि तो खेळ कंपन्यांचा आहे, धायरीच्या पार्किंगमधला नाही. आहे ती बाईक कापून बदलायची तर कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही कंपनीने दिलेल्या गाडीत मनाने बदल चालणार नाहीत असंच सांगितलं. हे सगळं मला फसल्यावर कळलं असं नाही हो. आधीच माहीत होतं. पण तो म्हणाला की बाईकच्या हँडलखालचा चासी नंबर असलेला पाईप कापून नवीन फ्रेमला वेल्ड करू म्हणजे कागदावर तीच गाडी, आणि नाहीच जमलं तर अपंगांसाठीची गाडी म्हणून पास करून देऊ. मी मान डोलावली. त्याचा सगळा धंदा या मान डोलावण्यावर चालतो, कारण एकदा तुम्ही असल्या कामाला हो म्हणालात की उद्या तक्रार करायला कुठल्या तोंडाने जाणार?

किट एक लाख दहा हजारांचं ठरलं. चाळीस टोकन, पस्तीस फ्रेम उभी राहिल्यावर. दोन्ही वेळा यूपीआयवर स्कॅन केल्यावर नाव वेगळंच आलं, एका बाईंचं, तर म्हणे "वहिनींचं अकाउंट आहे सर, माझं लिमिट संपलंय." बिल नाही. वर माझी चालू पल्सर त्याच्याकडे सोडली, आरसी दिलं आणि सगळ्यात मोठा गाढवपणा म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या करून दिल्या, "आरटीओच्या कामाला लागतात" म्हणून. बायको त्या दिवशी एवढंच म्हणाली, "गाडी विकतोयस का बनवतोयस?"

मग चार महिने तारखा. पावसामुळे पेंट वाळत नाही, वेल्डर गावाला गेला, गणपती, दसरा. शेवटी मी वर्कशॉपवर जाऊन बसलो तेव्हा टेम्पोत टाकून पाठवली, उरलेलं फिनिशिंग घरी येऊन करून देतो म्हणाला. तो परत आला नाही.

घरी पहिल्याच दिवशी हँडल डावीकडे फिरवलं तर चाकं उजवीकडे. मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय. परत फिरवलं. परत उजवीकडे. झालं होतं असं की पुढचे नकल भंगारातल्या मारुती ८०० चे होते आणि डावा उजवीकडे, उजवा डावीकडे बसवलेला, त्यामुळे स्टिअरिंग आर्म मागे यायच्या ऐवजी पुढे आलेले. रॅक मागेच राहिला म्हणून टाय रॉड, म्हणजे रॅक आणि आर्म जोडणारे दांडे, वाकवून पुढे ओढलेले, गॅसने तापवून. तापवून वाकवलेला टाय रॉड! नकल अदलाबदल केलेले पण ब्रेकचे कॅलिपर ज्या त्या बाजूचेच ठेवलेले, म्हणून ते उलटे बसलेले, ब्लीड निपल खाली, म्हणजे ब्रेकमधली हवा जन्मात निघणार नाही, हवा वर जाते आणि भोक खाली. मी पेडल दाबून दाबून अर्धी बाटली ब्रेक ऑइल घालवलं.

नाना पेठेतला माझा मेकॅनिक मित्र बघायला आला, त्याने आधी इंजिनाकडे बघितलं आणि विचारलं, "भाऊ, हे कोणाचं?" माझं इंजिन कात्रज घाटात पडलो तेव्हाच्या ओरखड्याचं, क्लच कव्हरवर बोटभर लांब खूण. इथे कव्हर गुळगुळीत. म्हटलं कव्हर बदललं असेल, तर त्याने बॅटरी मारून नंबर दाखवला. आजूबाजूचं कास्टिंग खरखरीत आणि नंबरची जागा तेवढी घासून चकचकीत, दोन आकडे खाली घसरलेले, एक जरा तिरका. तरी नंबर माझाच! म्हणजे दुसऱ्याचं इंजिन, कुणाचं देव जाणे, त्यावर माझा नंबर पंच केलेला आणि माझं इंजिन गेलं कुठेतरी. ते चोरीचं निघालं तर सापडणार माझ्या पार्किंगमध्ये, माझ्या नावावर. त्या रात्री झोप नाही लागली.

चौकीत गेलो. हवालदारसाहेबांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "गाडी चोरीला गेली की तुम्ही दिली?" दिली. "बिल?" नाही. "पैसे कोणाला पाठवले?" वहिनींना. त्यांनी पेन खाली ठेवलं. पण अर्ज घेतला, इंजिन तिथे जमा केलं, पोच घेतली. आरटीओला संगम ब्रिजला जाऊन लेखी दिलं की कोऱ्या सह्यांचे फॉर्म परत मिळालेले नाहीत, माझ्या नावावरून गाडी ट्रान्सफर करू नये. एम-परिवहन अ‍ॅपवर गाडी अजून माझ्याच नावावर दिसते, रोज सकाळी उठून बघतो, लोक व्हॉट्सअ‍ॅप बघतात तसं. आरसी त्याने कुरिअरने पाठवलं, फॉर्म नाही. पल्सरची उरलेली बॉडी कुठे आहे ते माहीत नाही.

जुन्या बाजारातल्या मुलाला मी फोनमधला लाल फ्रेमचा फोटो दाखवला, तर तो म्हणाला, "अहो ही तर माझी आहे, मागच्या आठवड्यात बघून आलो." डॉक्टरांची, माझी आणि आता याची. त्याने अजून बाईक दिलेली नाही, सह्या केलेल्या नाहीत. टोकनच्या पैशांचं बँकेकडून काही होतंय का बघायला मी त्याला १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, फोन लावायला सांगितलं, लगेच केला तर उपयोग असतो.

माझी फ्रेम राहिली होती पार्किंगमध्ये, सोसायटीच्या सेक्रेटरींची दोन पत्रं आली, शेवटी भंगारवाल्याला बोलावलं. त्याने खिशातून लोहचुंबक काढला आणि जॉइंटला लावला. पडला. दुसऱ्या जॉइंटला लावला. पडला. मग चाव्यांच्या जुडग्याने ठोकून बघितलं, काळ्या पेंटचा पापुद्रा निघाला आणि आत पिवळट लांबी, डेंटिंगवाले पत्र्याचे पोचे बुजवायला लावतात ती, बोटभर जाड. खाली वेल्ड म्हणजे चार ठिपके. अडीच एमएमचा पाईप ठरला होता, मी वर जाऊन व्हर्नियर आणला, एक पॉइंट दोन.

"साहेब," तो म्हणाला, "लांबीचं वजन कापून देतो."