रेझिन भरलेल्या लाकडाचे मणी: पावसाळाभर वापरल्यानंतर

जपाची माळ नव्हे ही, नुसती हातात खेळवायची. ग्रीक लोकांची कोंबोलोई असते तसली, मणी मोजकेच आणि सरकायला दोरा मोकळा. मे महिन्यात इथल्याच एका कातारी मित्राकडनं करून घेतली, लाकूड आंब्याचं, बुरशीच्या काळ्या रेघा पडलेलं, जे एरवी जळणात जातंय. दिसायला लई देखणं पण इतकं भुसभुशीत की लेथवर कपचे उडतात, म्हणून आधी रेझिन भरायचं, म्हणजे तापवल्यावर प्लास्टिकसारखं घट्ट होणारं पातळ द्रव.

तुकडे आधी ओव्हनला १०० अंशाच्या थोडं वर पार कोरडे करायचे, ओल राहिली की काम बिघडलं. मग रेझिनमध्ये बुडवून व्हॅक्यूम, म्हणजे पंपानं हवा ओढून काढायची, लाकडातनं बुडबुडे निघायचे थांबत नाहीत तोवर पंप बंद करायचा नाही, कितीबी तास लागूदेत. रेझिन खरं आत शिरतं ते व्हॅक्यूम सोडल्यावर, बाहेरच्या हवेच्या दाबानं, म्हणून तसंच भिजत ठेवायचं आणि मग परत ओव्हनला घालून घट्ट करायचं.

आता वापराचं. कोल्हापूरचा जुलै म्हणजे कपाटातल्या चपलांना पण बुरशी धरते, त्यात ही माळ रोज खिशात, कधी रेनकोटच्या ओल्या खिशातच रात्रभर. आधीच्या साध्या लाकडाच्या माळेची भोकं फुगून आवळायची आणि मणी अडकायचे, हिच्यात तसलं कायच झालं नाही, भेग नाही, रेघा जशाच्या तशा. वजन असल्यामुळं मणी सोडला की सरळ खाली पळतो आणि मण्यावर मणी पडला की टक्क असा खणखणीत आवाज, मला तर त्याचीच सवय लागली.

पण स्पर्श गार आहे. हाताचं तेल मुरत नाही, त्यामुळं तुळशीच्या किंवा चंदनाच्या मण्याला वर्षानुवर्षं हाताळून जी झळाळी येते ती इथं येणार नाही, वास तर नाहीच. जपाला मी तुळशीचीच घेईन.

आणि शिसम, सागवान "स्टॅबिलाइझ्ड", म्हणजे असंच रेझिन भरलेलं, म्हणून कोण जादा पैसे मागत असेल तर देऊ नका, घट्ट आणि तेलकट लाकडात रेझिन नीट शिरतच नाही. रेझिनमध्ये रंग घालून केलेले मणी घेताना भोकाच्या आत बघा, रंग आतपर्यंत दिसला पाहिजे.

दोरा मात्र सुती नको, माझा भोकाच्या कडेला घासून तुटला. गुजरीत, म्हणजे इथल्या सराफ बाजारात, माळा-दागिने ओवून देणाऱ्या पटवेकऱ्याकडनं नायलॉनमध्ये ओवून घेतली आणि भोकांच्या कडा पॉलिश पेपरनं गोल केल्या, तेव्हापासनं त्रास नाही.