नाशिकच्या गंगापूर रोडचं फिजिओ क्लिनिक : गुडघ्यासोबत काकांच्या फॉरवर्डवरही उपचार

गोदापार्कला रोज 5 किमी पळतो, दिवाळीनंतर उजवा गुडघा धरला आणि नेमकी त्याच आठवड्यात काकांनी फॅमिली ग्रुपवर बातमी टाकली, "पळणाऱ्यांना गुडघेदुखीचा दुप्पट धोका"! झालं, आईने बूट थेट माळ्यावर टाकले.

मग इथे गेलो. मॅडमनी गुडघा वाकवून बघितला, एका पायावर बसायला लावलं, आणि बातमी दाखवली तर हसल्याच. म्हणे दुप्पट म्हणजे कशाच्या दुप्पट ते लिहिलंय का कुठे, हजारात 1 चे 2 झाले तरी दुप्पटच की! मग मोबाईलवर 2017 चा एक रिव्ह्यू, म्हणजे बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा, काढला, लाखाच्या वर लोकांचा डेटा, हौशी रनर्समधे गुडघ्याचा नाहीतर खुब्याचा संधिवात 3.5 टक्के, बैठ्या लोकांत 10.2 आणि स्पर्धेत पळणाऱ्यांत 13.3. आता ज्याला जी हेडलाईन पाहिजे ती त्याने बनवावी. मी खूश, तर त्यांनीच ब्रेक मारला, की ज्यांचा गुडघा आधीच दुखतो ते पळणं सोडून बैठ्यांत जमा होतात ना, मग पळण्यानेच गुडघा वाचतो हे यावरून कसं म्हणणार?

व्यायाम तीनच दिले, मशीनचं पॅकेज गळ्यात मारलं नाही. पार्किंगची मात्र बोंब, अपॉइंटमेंट घेऊन पण 40 मिनिटं बसवलं, म्हणून एक स्टार कापला.

सध्या 3 किमी वर आलोय. काकांनी काल प्रोटीनबद्दल नवीन पाठवलंय.