रिलेचा "टक" आवाज ऐकून पैसे देऊ नका

जुनी जिप्सी घेतली तेव्हापासून डोक्यात होतं की पुढच्या लाईटी स्वतः बनवायच्या. मित्राने १२० वॅट लिहिलेला एलईडी लाईटचा बार घेतला होता, त्याला मीटर लावून बघितला तर निम्मे वॅटसुद्धा खेचत नव्हता. मग पुण्याच्या तापकीर गल्लीतून १० वॅटच्या १२ एलईडी चिप, त्यांना बेताचा करंट देणारे ड्रायव्हर, ॲल्युमिनियमचा चॅनल, थर्मल पेस्ट असं सगळं आणलं आणि दोन महिन्यांचे रविवार घालवून चार लाईट तयार केल्या. त्या आजही झकास चालतात, तक्रार त्यांची नाहीच.

फसलो ते वायरिंगमध्ये. बॅटरीपासून डॅशबोर्डपर्यंत वायर न्यायची म्हणजे हात चालवायला भीती वाटली, म्हणून एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गाडी दिली. रिले (स्विचच्या थोड्याशा करंटवर लाईटचा मोठा करंट जोडणारी डबी), फ्यूज, अडीच एमएमची कॉपर वायर, स्विच आणि मजुरी धरून ४,८०० ठरले. संध्याकाळी त्याने माझ्यासमोर स्विच दाबला, बोनेटखाली रिले टक करून वाजला, चारही लाईटी लख्ख पेटल्या. मी पैसे काढून दिले. पावती मागितली तर म्हणे, "दादा, पावती कशाला, काही झालं तर मी बसलोय ना इथे."

तीन आठवड्यांनी ताम्हिणीच्या अलीकडे रात्री कच्च्या रस्त्याने चाललो होतो, पाऊस, मागच्या सीटवर बायको आणि धाकटा झोपलेला. आधी जळक्या प्लॅस्टिकचा वास आला, मला वाटलं क्लच असेल, मग स्विच बंद करायला बोट लावलं तर चटका बसला आणि स्विच आतून वितळून चिकटलेला, बंदच होईना. डॅशखालून धूर. दोघांना भर पावसात खाली उतरवलं, बोनेट उघडून दहा नंबरचा पाना शोधून बॅटरीचं टर्मिनल काढेपर्यंत जी दोन मिनिटं गेली ती मी विसरू शकत नाही.

घरी येऊन सगळी काळी टेप सोलली. रिलेला चार पाय असतात, ८५ आणि ८६ कॉइलचे, स्विचमधून फक्त त्यांना करंट द्यायचा, आणि लाईटचा खरा लोड बॅटरीकडून ३० मधून ८७ ला जायला हवा. माझ्या रिलेच्या ३० आणि ८७ ला वायरच नव्हती! दोन्ही पाय कोरे, चकचकीत. म्हणजे रिले नुसता टक वाजायला बसवला होता आणि चार लाईटींचा दहा ॲम्पियरच्या आसपासचा लोड सरळ त्या छोट्या स्विचमधून जात होता, जिथून रिले नीट जोडला असता तर पाव ॲम्पियरसुद्धा गेला नसता. फ्यूज होल्डर उघडला तर आत फ्यूजच्या जागी तारेचा वाकवलेला तुकडा. आणि ती कॉपर वायर, वरचं इन्सुलेशन जाडजूड, आत मोजून थोड्या तारा, ब्लेडने खरवडल्या तर तांबूस मुलामा निघून पांढरं ॲल्युमिनियम दिसलं.

म्हणून हात जोडून सांगतो, पैसे द्यायच्या आधी लाईट चालू ठेवून रिले सॉकेटमधून उपटायला लावा. तरीही लाईट पेटलेली राहिली तर रिले खोटा आहे. तसाच फ्यूज उपटा, लाईट विझलीच पाहिजे, आणि फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा, डॅशखाली लावला तर मधल्या सगळ्या वायरला फ्यूजचं संरक्षणच राहत नाही. वायरचं एक टोक तुमच्यासमोर खरवडायला सांगा. टेप गुंडाळायच्या आधी प्रत्येक जोडाचा फोटो काढा. चिडला तर चिडू दे, गाडीत तुमची माणसं बसणार आहेत.

मी तो जळका स्विच आणि वायरचा गुंडाळा घेऊन त्याच्याकडे गेलो. आधी म्हणाला लाईटी घरी बनवलेल्या म्हणून जळलं, मग रिले हातात दिल्यावर गप्प झाला आणि १,५०० परत केले. तेव्हा शेजारी एक बोलेरो उभी होती, बंपरवर नवीन लाईटी, तशीच काळी टेप. मी मालकाला रिले उपटायला सांगितलं. लाईट विझली नाही.