सोलापुरातील एका व्यसनमुक्ती केंद्राची सेवा: आधीच्या खेपांचा हिशेब विचारणारे डॉक्टर

माझ्या दाजींना येथील एका खाजगी व्यसनमुक्ती केंद्रात दाखल केले, तेव्हा डॉक्टरांनी ‘रोज किती पिता’ याच्याही आधी ‘यापूर्वी किती वेळा सोडली आणि त्या प्रत्येक वेळी काय झाले’ असे विचारले. या केंद्राला द्यायचे निम्मे गुण मी या एका प्रश्नालाच देईन. दाजी यंत्रमागावर काम करतात. गटारी झाली की श्रावणापुरती बंद, गणपती उठले की पुन्हा चालू, मध्येच पंढरपूरला जाऊन माळ घालायची आणि ती दिवाळीत उतरवायची, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा क्रम होता, आणि घरातले सगळे त्याला सुधारणाच समजत.

डॉक्टरांनी नीट समजावून सांगितले. रोजच्या दारूला सरावलेल्या मेंदूत शांत ठेवणाऱ्या गाबा या रसायनाचा प्रभाव मंदावतो आणि उत्तेजना देणाऱ्या ग्लुटामेटची ग्रहणकेंद्रे वाढतात. दारू एकाएकी थांबली की ही उत्तेजना मोकाट सुटते, म्हणून घाम, थरथर आणि निद्रानाश. दर खेपेला मेंदू अधिक हळवा होत जातो, त्यामुळे पूर्वी नुसते हात कापलेल्या माणसाला पुढे तेवढीच दारू सोडतानाही फिट येऊ शकते. यालाच किंडलिंग म्हणतात. दारूच्या संदर्भात ही कल्पना अमेरिकेतील बॅलेंजर आणि पोस्ट यांनी १९७८ साली मांडली. अर्थात म्हणून पीत राहावे असे नव्हे, तर रोज पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम बंद न करता औषधांच्या आधाराने सोडावी, हे त्यांनी बहिणीला दोनदा बजावले.

शहरातीलच दुसऱ्या एका ठिकाणी दाजींना मागे औषधाविना खोलीत ठेवले होते आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना फिट आली होती. त्या नोंदीमुळे येथे त्रास वाढण्याची वाट न पाहता गोळ्या सुरू झाल्या, आणि यकृताचा रिपोर्ट बरा नसल्याने क्लोरडायझेपॉक्साइड या नेहमीच्या शामक गोळीऐवजी यकृतावर कमी भार टाकणारे लोराझेपाम निवडले गेले. ग्लुकोजची बाटली लावण्याआधी थायमिनचे (ब-१ जीवनसत्त्वाचे) इंजेक्शन दिले. सिस्टर रात्रीसुद्धा ठरावीक वेळाने येत, ‘काका, हात पुढे करा, बोटे फाकवा’ असे म्हणून बोटांकडे बराच वेळ पाहत, तळव्याचा घाम तपासत, आज वार कोणता ते विचारत आणि त्रासाचे गुण लिहून डोस ठरवत. भ्रमाचा धोका साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात असतो, म्हणून तेवढे दिवस घरच्या एका माणसाला जवळ थांबू दिले, हे मला फार आवडले.

जेवण ठीक, स्वच्छता चांगली. समुपदेशन मात्र कमी पडते. वारंवार दारू सुटलेल्यांमध्ये स्वतःला आवरण्याची आणि पुढचा विचार करण्याची क्षमता अधिक खालावलेली आढळते, असे डॉक्टरच सांगतात. मग अशा रुग्णाला तासभराचे सामूहिक व्याख्यान ऐकवून काय साधणार? थोडक्या वेळात, एकेकट्याशी, तेच तेच पुन्हा बोलायला हवे.

मोठी त्रुटी सुटीच्या (डिस्चार्जच्या) कागदात होती. दाखल होताना इतक्या बारकाईने घेतलेला आधीच्या खेपांचा आणि फिटचा इतिहास त्यात एका ओळीनेही नव्हता. मी मागितल्यावर तो लिहून, सहीशिक्क्यासह मिळाला; दाखल करणाऱ्यांनी तो आवर्जून मागून घ्यावा, कारण पुढच्या डॉक्टरांचा पहिला डोस त्यावरच ठरणार आहे.