टीमलॅब प्लॅनेट्स, टोकियो : गुडघाभर पाण्यातले मासे

टोकियोतील तोयोसु भागात जुलै २०१८ मध्ये सुरू झालेल्या 'टीमलॅब प्लॅनेट्स' या कलासंग्रहालयात पादत्राणे आणि मोजे लॉकरमध्ये ठेवूनच आत जावे लागते, आणि देवळाच्या पायरीशी चपला काढण्याची सवय असलेल्या आपल्या माणसाला ही अट मुळीच जड जात नाही.

सुरुवातीलाच अंधारात एक चढण लागते. तिच्यावरून पाणी खाली वाहत असते आणि वरच्या टोकाला प्रकाशाने उजळलेला धबधबा कोसळत असतो. डोळे सरावण्याआधीच तळव्यांना पाण्याची ओढ कळते. पावसाळ्यात घाटातल्या पायवाटेवर ओहोळ उतरू लागले की पाऊल जसे चाचपून टाकावे लागते, तसेच येथेही होते. चित्रांचा कोणताही थाट नसलेला हा भाग मला संपूर्ण संग्रहालयात सर्वांत सच्चा वाटला.

पाण्यावर प्रकाशाने उमटवलेल्या 'कोई' या रंगीत जपानी माशांचे दालन अधिक प्रसिद्ध आहे, आणि ती प्रसिद्धी रास्त आहे. गुडघ्यापर्यंतचे पाणी दुधट ठेवलेले असल्यामुळे प्रोजेक्टरचे चित्र त्याच्या पृष्ठभागावर टिकते. नितळ पाण्यातून तो प्रकाश थेट तळाशी गेला असता. माणसांच्या चाहुलीनुसार मासे वळतात, अंगावर आदळले की त्यांची फुले होतात, आणि ही फुलेही ऋतूनुसार बदलतात. हे सारे संगणक त्या त्या क्षणी रचत असल्याने एकदा सरलेले दृश्य पुन्हा दिसत नाही. एक केशरी मासा माझ्या पोटरीमागून आला, नडगीपाशी फुटला आणि त्याच्या पाकळ्या शेजारच्या मुलाच्या तळहातावर पसरल्या. त्याने त्या पकडण्यासाठी मूठ मिटली, तर पाकळ्या मुठीवर उमटल्या. आरशांच्या भिंतींमुळे दालन अथांग भासते हे खरे, परंतु त्याच आरशांत गर्दीही कैक पटींनी वाढते आणि मोबाइल धरून उंचावलेले हात चुकवता येत नाहीत.

एलईडी दिव्यांच्या माळांचे दालन देखणे आहे. तेथे मी फार रेंगाळलो नाही.

गुडघ्याच्या वर दुमडता येईल अशी विजार घालून जावे. काही ठिकाणी जमीनही आरशाची असल्याने साडी किंवा स्कर्ट टाळलेला बरा, आणि नऊवारीचा काष्टा येथे खरोखर सोयीचा ठरेल, फक्त तो भिजणार हे गृहीत धरावे. पाय पुसायला टॉवेल तेथेच मिळतात. तिकीट वेळेनुसार आगाऊ काढता येते; सकाळची पहिली वेळ घ्यावी, म्हणजे माशांना वळायला जागा उरते.